बिबटे पकडले, लांब नेऊन सोडले आणि हल्ले चौपट झाले. जुन्नरचं हे कोडं तुम्हाला सुटतंय का?

आधी एक सोपं कोडं.

ओतूरहून जुन्नरकडे जाणारा रस्ता. डांबर नवं, काळंकुट्ट. काळा शर्ट आणि काळी पँट घातलेला एक माणूस रस्त्याच्या मधोमध चाललाय. रस्त्यावरचे दिवे बंद आहेत. आकाशात चंद्र नाही. समोरून एक पिकअप येतेय, तिचे हेडलाइट बंद आहेत. तरीही ड्रायव्हरला तो माणूस लांबूनच दिसतो आणि तो गाडी बाजूने काढतो. कसं काय?

मी हे कोडं आमच्या गावाकडच्या ग्रुपवर टाकलं. पंधरा मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला. ड्रायव्हरला रस्ता पाठ होता. माणसाच्या हातात मोबाइल होता. माणूस मोठ्याने गाणं म्हणत होता. एकाने तर पिकअपच्या पुढे बिबट्या होता आणि त्याचे डोळे चमकत होते, असंही लिहिलं.

उत्तर होतं, दुपारचे दोन वाजले होते.

आता कोडं परत वाचा. त्यात ‘रात्र’ हा शब्द कुठेच नाही. दिवे, चंद्र, हेडलाइट, काळे कपडे असं एकेक नाव आलं आणि रात्र आपली आपणच घातली. मग त्या आपल्याच रात्रीत आपण उत्तर शोधत बसलो.

अशा कोड्यांना इंग्रजीत लॅटरल थिंकिंगची कोडी म्हणतात. इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘९९ टक्के लोक चुकतात’ अशी पाटी लावून ती रोज फिरत असतात. त्या ९९ टक्क्यांचा हिशेब कुणी केलेला नसतो, ती पाटी फक्त तुम्ही कमेंट करावी म्हणून असते. पण कोड्यांच्या मागचा प्रकार खरा आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी त्याची किंमत मोजलेली आहे. तिथपर्यंत जाऊच, आधी मुद्दा नीट समजून घेऊ.

सगळी कोडी सारखी नसतात

मिसळ आणि जादा पाव मिळून ११० रुपये झाले. मिसळ पावापेक्षा १०० रुपयांनी महाग. पाव केवढ्याला?

तोंडातून पटकन ‘दहा’ निघतं. पाव दहाचा धरला तर मिसळ ११० ची होते आणि बिल १२० वर जातं. बरोबर उत्तर पाच. अमेरिकेतले संशोधक शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये बॅट आणि बॉलची किंमत विचारून हाच प्रश्न प्रसिद्ध केला. पण हे लॅटरल कोडं नाही. इथे सगळी माहिती समोर आहे आणि गणित पाचवीचं आहे. फक्त मनात आलेलं पहिलं उत्तर क्षणभर अडवून तपासावं लागतं.

लॅटरल कोड्यात तपासण्यासारखं गणितच नसतं. अडचण प्रश्नात न लिहिलेल्या अटीची असते, जी आपणच गुपचूप घालून ठेवलेली असते. माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्द रूढ केला. लॅटरल म्हणजे बाजूने, आडव्या अंगाने. त्यांनी खड्डा खणण्याचं उदाहरण वापरलं होतं. आपल्याकडचं सांगायचं तर, एका जागी बोअर मारली आणि दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही, तर तिथेच चारशे फूट जायचं की जागा बदलायची? बरेच जण चारशे फूट जातात, कारण दोनशे फुटांचे पैसे आधीच गेलेले असतात. (डी बोनोंनी पुढे यावर पुस्तकं, कोर्स, वर्कशॉप असा मोठा पसारा उभा केला आणि त्याला पुरावा किती, असं अनेक मानसशास्त्रज्ञांनी विचारलं. शब्द मात्र टिकला.)

वर्कशॉपवरून आठवलं. कागदावर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके, पेन न उचलता चार सरळ रेषांनी सगळे जोडा, हे कोडं तुम्ही कुठल्यातरी मोटिव्हेशनल सेशनमध्ये पाहिलं असेल. उत्तरासाठी रेघ ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर न्यावी लागते. मग वक्ता म्हणतो, बघा, चौकटीबाहेर विचार करा! पण १९८१ मध्ये रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं की रेघ चौकोनाबाहेर न्या. तरीही बहुतेकांना ते सुटलं नाही. नुसतं ‘वेगळा विचार कर’ असं म्हणून वेगळा विचार येत नाही. आपण नेमकी कुठली अट घातलीय, ती सापडावी लागते.

कोड्यात अडकवायची कला जुन्नर तालुक्याला नवी नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. जत्रांचा हंगाम आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. या परंपरेत भेदिक लावणी आणि सवाल-जवाब आहेत. कलगीवाले शक्तीला मोठं म्हणणारे, तुरेवाले शिवाला. एका बाजूने गाण्यातून कूट टाकायचं, दुसऱ्याने ते उभ्या उभ्या फोडायचं, नाही फोडता आलं तर भर गर्दीत हार. आज आपण उखाणा म्हणतो तो नाव घ्यायचा. पण जुन्या वापरात उखाणा म्हणजे कोडंच. गोव्यात त्याला हुमाण म्हणतात.

खोडदची भोकं पडलेली ताटली

याच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. क्रिकेटचं पिच वीस मीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. चौदा अँटेना मध्यभागी जवळजवळ आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिलं की पहिला प्रश्न पडतो, या ताटल्या नीट भरलेल्या का नाहीत? आरपार आकाश दिसतं. नुसती तारेची जाळी!

इथे आपण घातलेली अट अशी की आरसा सलग असायला हवा, भोक पडलं तर त्यातून लाट निसटणार. प्रकाशाच्या बाबतीत ते खरं आहे. पण खोडदच्या दुर्बिणीला ज्या रेडिओ लहरी पकडायच्या आहेत, त्यांची लांबी वीसेक सेंटीमीटरपासून दोन मीटरच्याही पुढे जाते. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची. इतक्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, तिच्यासाठी जाळी म्हणजे भिंतच. वारा मात्र जाळीतून आरामात निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून लोखंड कमी, म्हणून खर्च कमी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ मीटरची अँटेना भारताला परवडेल अशी केली ती अशी.

स्वरूप यांनी त्याआधी उटीला जे केलं ते तर मला याहून आवडतं. दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर असेल, तर आकाशातल्या एखाद्या गोष्टीमागे फिरायला ती एकाच अंगाने वळवली तरी पुरते. तो तिरपेपणा साधायला अवजड सांगाडा लागतो. यांनी सांगाड्याऐवजी डोंगर शोधला. उटी साधारण ११ अंश अक्षांशावर आहे, म्हणून उत्तर-दक्षिण पसरलेला ११ अंश उताराचाच डोंगर निवडला आणि त्याच्या अंगावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बसवली.

आता खरं कोडं

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. बारा-पंधरा महिने उभा राहणारा, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, आत ओलावा, बाजूला वस्ती. बिबट्याला याहून बरी जागा कुठली?

१९९३ ते २००१ या काळात या भागात बिबट्याने माणसावर केलेले हल्ले वर्षाला सरासरी चार होते. फेब्रुवारी २००१ पासून मोठ्या प्रमाणावर मोहीम सुरू झाली. पिंजरे लावायचे, बिबटे पकडायचे आणि जंगलात नेऊन सोडायचे. २९ बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी ३९.५ किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली. त्यातही जीव जाण्याचं प्रमाण दुप्पट झालं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे आकडे २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात मांडले.

बिबटे काढून नेले, तर हल्ले वाढले का?

लॅटरल कोडी चारचौघांत खेळायची एक पद्धत आहे. एकाला उत्तर माहीत असतं, बाकीचे हो किंवा नाही असंच उत्तर येईल असे प्रश्न विचारत जातात. तसंच खेळून बघू.

पकडलेल्या सगळ्या बिबट्यांनी माणसावर हल्ला केला होता का? नाही. दिसला, लोक घाबरले, पिंजरा लागला, असं अनेकदा झालं.

पकडलेला बिबट्या जिथे राहायचा ती जागा रिकामी राहिली का? नाही.

ज्या जंगलात सोडला तिथे दुसरे बिबटे नव्हते का? होते.

जंगलाच्या आसपास माणसं नव्हती का? होती.

सोडलेला बिबट्या सोडला तिथेच राहिला का? सहसा नाही.

आता उत्तर जवळ आलंय. बिबट्या म्हणजे गोठ्यातली शेळी, या दावणीची सोडून त्या दावणीला बांधली की झालं, ही अट आपण घातली होती. बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं किती वाजता घरात जातात, हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत असतं. माणसाला टाळून कसं जगायचं, हे त्याच माहितीवर चालतं. त्याला पिंजऱ्यात कोंडलं, गर्दीने घेरलं, गाडीत घालून अनोळखी रानात सोडलं की ती सगळी माहिती शून्य होते. तिथले बिबटे त्याला राहू देत नाहीत. तो घराकडे निघतो आणि वाटेत अनोळखी वस्त्या लागतात. इकडे त्याच्या रिकाम्या उसात दुसरा, बहुतेकदा तरुण बिबट्या येतो, ज्याला त्या वस्तीची रीत माहीत नसते. म्हणजे एक माहीतगार बिबट्या हलवून आपण दोन बिनमाहीतगार तयार केले.

आणि चाळीस किलोमीटर हे बिबट्यासाठी अंतरच नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. वयस्कर, शांत, म्हणून संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. आजोबांनी मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याची रेल्वे ओलांडली आणि महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत मजल मारली. वाटेत कुणा माणसाला नखही लावलं नाही. २०१४ मध्ये सुजय डहाकेंनी यावर ‘आजोबा’ सिनेमा केला, ऊर्मिला मातोंडकरचा. आजोबा मात्र त्याआधीच, २०११ मध्ये, महामार्गावर गाडीच्या धडकेत मेले होते.

पिंजरा हे उत्तर इतकं सुचतं का?

यावर १९४२ मधला अब्राहम लुचिन्स यांचा प्रयोग आहे. आपण भांडी घेऊन करू. २१, १२७ आणि ३ लिटरची तीन भांडी, नेमकं १०० लिटर पाणी मोजायचं. १२७ चं भरा, त्यातून २१ चं एकदा आणि ३ चं दोनदा भरून काढा, झालं. अशी चार-पाच गणितं याच रीतीने सुटतात. मग पुढचं येतं. २३, ४९ आणि ३, मोजायचे २० लिटर. सवय लागलेले लोक ४९ मधून २३ वजा, ३ वजा, ३ वजा करत बसतात. २३ मधून ३ काढले की संपलं, हे त्यांना दिसत नाही. ज्यांनी आधीची गणितं सोडवलेलीच नसतात, त्यांना ते पटकन दिसतं.

पिंजरा ही अशीच लागलेली सवय आहे. बिबट्या दिसला, फोन केला, पिंजरा आला, काहीतरी झालं असं वाटलं. केंद्र सरकारने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बिबटे उचलून दुसरीकडे सोडणं टाळायला सांगितलं. सवय इतक्याने जात नाही.

सवय मोडल्याचं एक उदाहरण मात्र याच भागात दर हंगामात बघायला मिळतं. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी सरळ वाटायचं, आई टाकून गेली, उचला. पण आई पळून गेलेली नसते, दिवसभर माणसं आहेत म्हणून लांब बसलेली असते. आता वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसची माणिकडोह बिबट निवारा केंद्रातली मंडळी पिल्लं तपासतात आणि अंधार पडल्यावर त्याच शेतात डब्यात किंवा क्रेटमध्ये ठेवून बाजूला होतात. अनेकदा रात्रीतून मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं गेल्यामुळे बिथरलेली मादी वस्तीभोवती फिरत राहण्याचा धोकाही त्याने टळतो.

आणखी एक कोडं शेजारच्या अकोले तालुक्यातलं. तिथे कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. सगळं शेत-शिवार, जंगल नावाला. तरी तिथे जीवघेणे हल्ले नव्हते. म्हणजे बिबटे जास्त तर हल्ले जास्त, ही अटसुद्धा आपणच घातलेली. त्याच भागात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला, तर वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. कुत्री कशावर जगतात? उकिरड्यावर. बिबट्याच्या प्रश्नाचं एक टोक ग्रामपंचायतीच्या कचऱ्यात आहे.

इथे कोड्याची मजा संपते

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात साधारण तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालणाऱ्या माणसांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. अशा घरासमोर उभं राहून ‘तुम्ही अटी तपासा’ म्हणायची माझी हिंमत नाही. माणसावर हल्ला करणारा बिबट्या तिथून हटवावाच लागतो, त्यात वाद नाही. पण दिसला म्हणून पकडलेला बिबट्या आणि हल्ला केलेला बिबट्या यांत फरक केला नाही तर काय होतं, हे २००१ नंतरच्या आकड्यांत लिहिलेलं आहे.

शिवाय तेव्हाचं उत्तर आज जसंच्या तसं चालेल, असंही नाही. ‘जंगलातला बिबट्या गावात शिरला’ हे वाक्य बातम्यांत अजून येतं. पण आजचे कित्येक बिबटे उसातच जन्मले, उसातच वाढले. त्यांना परत पाठवायचं म्हणून जे जंगल आपण म्हणतो, ते त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. म्हणूनच नसबंदीसारखे पर्याय चर्चेत आलेत.

या सगळ्यात मला सगळ्यात कमी ऐकू येणारी मागणी मात्र या कोड्याच्या अगदी जवळची वाटते. शेतीच्या थ्री फेज विजेचं वेळापत्रक फिरतं असतं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन उसाच्या कडेने मोटर चालू करायला जातो. पाण्याची दारं मोडायला वाकतो, बसतो. बसलेला माणूस बिबट्याला माणसाएवढा दिसत नाही. बिबट्या रात्री बाहेर पडतो हे बदलता येत नाही. माणसाने रात्री बाहेर पडायला हवं, हे कुणी ठरवलं? बिबट्याच्या पट्ट्यातल्या गावांना दिवसा वीज द्या, असं शेतकरी कित्येक वर्षं म्हणतायत. त्यासाठी जायचं वनखात्याकडे नाही, महावितरणकडे.

जुन्नरच्या बिबट्यांचं हे कोडंही मी परवा त्याच ग्रुपवर टाकलं होतं, आकड्यांसकट. उत्तरं आली, थोडी भांडणंही झाली. आमच्या चुलत्यांचा रिप्लाय सगळ्यात शेवटी होता, रात्री पावणेतीनला.

‘आत्ता मोटर चालू करायला आलोय. सकाळी विचार करून सांगतो.’